घरातली सगळी घड्याळं एका वेळेवर कशी आणावीत: संगणक, राऊटर आणि कॅमेऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्री स्कूटर चोरीला गेली. सोसायटीत कॅमेऱ्यांचे दोन रेकॉर्डर आहेत, एक पार्किंगचा आणि एक गेटचा. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांकडून बसवलेले. पार्किंगच्या चित्रणात स्कूटर रात्री २:४७ ला हलताना दिसली. गेटचं २:४७ चं चित्रण लावलं तर तिथे चिटपाखरूही नाही. मागची-पुढची पंधरा मिनिटं पाहिली, मग अर्धा तास पाहिला, तरी काहीच नाही. शेवटी दूधवाला कामी आला. तो रोज गेटमधून येऊन लगेच पार्किंगकडे वळतो. पार्किंगच्या पडद्यावर तो ५:४१ ला दिसत होता, गेटच्या पडद्यावर ८:१७ ला. म्हणजे दोन तास छत्तीस मिनिटांचा फरक. तेवढा फरक २:४७ मध्ये मिळवून गेटचं ५:२३ चं चित्रण काढलं, आणि स्कूटर ढकलत नेणारा माणूस समोर आला.

खरी वेळ मात्र दोन्ही पडद्यांवर नव्हती. गेटचा रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला होता आणि सेकंदाबरहुकूम चालत होता, पण त्याचा टाइम झोन ग्रीनिच अधिक आठ तासांवर ठेवलेला होता. आपला अधिक साडेपाच. त्यामुळे तो बरोब्बर अडीच तास पुढे. पार्किंगचा रेकॉर्डर नेटवर नव्हताच. त्यावर कधीतरी हाताने लावलेली वेळ सहा मिनिटं मागे पडली होती. स्कूटर हलली ती २:५३ ला. तक्रार अर्जात ही वेळ लिहिली आणि ती कशी काढली याचा हिशोब सोबत जोडला.

त्यानंतर मी सोसायटीतली आणि घरातली झाडून सगळी घड्याळं तपासली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: चुकलेलं घड्याळ हाताने लावून काही साधत नाही, ते पुन्हा चुकतंच. प्रत्येक यंत्राने वेळ कुणाला विचारायची हे ठरवून द्यावं लागतं, आणि ते खरंच विचारतंय का हे बघावं लागतं. हा लेख त्याच क्रमाने जातो. आज्ञा आणि सर्व्हरचे पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

घड्याळ चुकतं कशामुळे

संगणक बंद असताना वेळ सांभाळतो तो मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, बटणाएवढ्या सेलवर चालणारा छोटा क्वार्ट्झ स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती येतो. मनगटी घड्याळातही हाच स्फटिक असतो. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीसपर्यंत धरलेली असते. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्या हिशोबाने दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास बावन्न सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांच्या वर चूक साचते.

त्यात उन्हाळा भर घालतो. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगाने चालतो. तापमान त्याहून वर गेलं किंवा खाली आलं तरी तो मंदावतो, आणि हे मंदावणं फरकाच्या वर्गाने वाढतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पोटमाळ्यावर ठेवलेला रेकॉर्डर ४५ अंशांत असेल, तर केवळ उष्णतेने तो दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडू शकतो. पार्किंगच्या रेकॉर्डरची सहा मिनिटं अशीच साचली असणार.

संगणक सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिम त्या बॅटरीवरच्या घड्याळाकडून एकदाच वेळ घेते आणि पुढे स्वतःची मोजणी चालवते. तीही स्फटिकावरच चालते, त्यामुळे तीही सरकते. ती वेळोवेळी बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहायची जी पद्धत आहे, तिचं नाव एनटीपी.

एनटीपी वेळ विचारतं म्हणजे काय करतं

डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी ही पद्धत घडवली. तिचा पहिला आराखडा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजची चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाण ठरली. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये वारले. जगातल्या बहुतेक सगळ्या संगणकांची वेळ आजही त्यांच्या पद्धतीवर चालते.

पूर्वी घरोघरी रेडिओच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून घड्याळ लावत. तिथे अडचण नव्हती, कारण रेडिओ लहरी पोहोचायला वेळच लागत नाही म्हटलं तरी चालेल. इंटरनेटवर तसं नसतं. सर्व्हरने ‘आता दहा वाजले’ असं सांगितलेलं आपल्यापर्यंत येईतो काही क्षण गेलेले असतात, आणि किती गेले ते ठाऊक नसतं. मिल्स यांनी हे चार वेळा टिपून सोडवलं. प्रत्यक्ष आकडे घेऊन बघू.

तुमच्या संगणकाच्या घड्याळात दहा वाजून ०.००० सेकंद झालेत, तेव्हा त्याने विचारणा पाठवली. सर्व्हरला ती मिळाली तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात दहा वाजून २.०४० सेकंद झाले होते. त्याने २.०४१ ला उत्तर धाडलं. ते तुमच्याकडे पोहोचलं तेव्हा तुमचं घड्याळ ०.०६१ दाखवत होतं. तुमच्या दृष्टीने एकूण ०.०६१ सेकंद गेले, त्यातला ०.००१ सर्व्हरने स्वतःकडे घालवला, म्हणजे जाण्यायेण्याला ०.०६० लागले. जाणं-येणं सारखंच धरलं तर एका बाजूला ०.०३०. म्हणजे सर्व्हरने उत्तर पाठवलं ते २.०४१ ला, आणि तुमच्यापाशी आलं तेव्हा खरी वेळ २.०७१ होती. तुमचं घड्याळ ०.०६१ म्हणतंय, तेव्हा ते २.०१० सेकंद मागे आहे.

सगळी मेख ‘जाणं-येणं सारखंच धरलं तर’ या शब्दांत आहे. जायला दोन आणि यायला अठ्ठावन्न मिलिसेकंद लागले तर हिशोब चुकतो, पण एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त कधीच चुकत नाही. म्हणून जवळचा सर्व्हर चांगला आणि वाय-फायपेक्षा केबल चांगली.

पहिली पायरी: घरात काय काय आहे आणि किती चुकलंय

वही घ्या आणि वेळ दाखवणारी किंवा वेळेवर काम करणारी सगळी यंत्रं लिहून काढा: संगणक, लॅपटॉप, फोन, राऊटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, सुटे वाय-फाय कॅमेरे, टीव्ही, प्रिंटर, घरगुती फाइल सर्व्हर, हजेरीचं यंत्र. राऊटर बहुतेक जण विसरतात.

मग प्रत्येकाची चूक मोजा. फोनमध्ये आपोआप वेळ चालू करा आणि सेकंदकाटा दाखवणारं एखादं वेळेचं पान उघडा. फोन रेकॉर्डरच्या पडद्याशेजारी धरा आणि दुसऱ्या फोनने दोन्ही पडदे एकाच फोटोत घ्या. डोळ्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहण्यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. फोटोत तो प्रश्नच राहत नाही. शिवाय नंतर जुन्या चित्रणाची खरी वेळ ठरवायची झाली तर हा फोटो पुराव्यासारखा उपयोगी पडतो. म्हणून रेकॉर्डरची चुकीची वेळ दुरुस्त करण्याआधी हा फोटो काढलाच पाहिजे. एकदा वेळ बदलली की जुनी चूक किती होती हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी पायरी: टाइम झोन

चुकीचा टाइम झोन ओळखणं सोपं असतं, कारण फरक गोल आकड्यात येतो. बरोबर अडीच तास पुढे असेल तर यंत्र चीनच्या वेळेवर आहे. बरेच कॅमेरे आणि रेकॉर्डर तिथून तसेच येतात. साडेपाच तास मागे असेल तर ते थेट जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चाललंय. अशा यंत्राची वेळ पुढेमागे करून ‘बरोबर’ करू नका. झोन चुकीचा ठेवून हाताने वेळ जुळवली तर एनटीपीची पुढची फेरी झाली की ती पुन्हा अडीच तास सरकते.

विंडोजच्या यादीत आपला झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ या नावाने आहे, लिनक्समध्ये ‘एशिया/कोलकाता’. राऊटर आणि रेकॉर्डरमध्ये ‘जीएमटी+०५:३०’ शोधा. जवळच ५:०० आणि ५:४५ असतात. ५:४५ नेपाळची. ‘डेलाइट सेव्हिंग’ किंवा ‘डीएसटी’, म्हणजे उन्हाळी वेळेचा, पर्याय असेल तर बंद.

लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्यांनी मात्र नुसता आकडा न निवडता ‘युरोप/लंडन’, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असा शहराचा झोन निवडावा. आकडा निवडला तर उन्हाळी वेळ सुरू झाल्यावर यंत्र तासभर चुकतं.

साडेपाच तासांची ही वेळ १९०६ मध्ये लागू झाली ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावरून. मुंबईची स्वतःची वेळ त्याहून ३९ मिनिटं मागे होती आणि शहराने ती सहजासहजी सोडली नाही; १९५० च्या दशकापर्यंत मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ दोन्ही कानावर पडत. एकाच गावात दोन वेळा असल्या की काय होतं, हे आमच्या दोन रेकॉर्डरांनी मला दाखवलं.

तिसरी पायरी: मदरबोर्डवरचा सेल

संगणक प्लगवरून बंद करून सकाळी लावल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसत असेल, तर आतल्या घड्याळाला वीज देणारा सेल संपला. अशा वेळी ब्राउझर प्रत्येक पानावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला आरंभ आणि शेवट अशा दोन तारखा असतात, आणि तुमच्या संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. दोष असतो त्या बटणाएवढ्या सेलचा.

डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर-२०३२ असतो, ३ व्होल्टचा. आधी बायोसमधल्या, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानाचे, फोटो काढा. मग संगणक बंद करून मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, केसच्या धातूला हात लावा. सेलच्या कडेची क्लिप हलकेच बाजूला केली की तो वर उडतो. नवीन बसवताना अधिक खूण असलेली बाजू वर. चालू करून बायोसमध्ये तारीख आणि वेळ भरा. लॅपटॉपमध्ये हा सेल पुष्कळदा वायरला जोडलेला आणि आत खोल असतो. तिथे दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतलेला बरा. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर अन्ननलिका भाजते, म्हणून लगेच चिकटपट्टी गुंडाळून बाजूला ठेवा.

चौथी पायरी: वेळ कुणाला विचारायची

भारताची प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे (एनपीएल) आहे. तिथल्या अणुघड्याळांवरून वेळ देणारा सर्व्हर ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘समय१ डॉट एनआयसी डॉट इन’ आणि ‘समय२ डॉट एनआयसी डॉट इन’. कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवणारे आणि सरकारी कार्यालयं यांनी आपली घड्याळं या दोन संस्थांशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडावीत, असा निर्देश सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला. तुमची नोंदणीकृत कंपनी असेल तर हे लक्षात घ्या.

तिसरा पर्याय म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेला सर्व्हरांचा ताफा. त्याचा भारतासाठीचा पत्ता ‘इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी’. पुढे ०, १, २, ३ लावले की वेगवेगळे सर्व्हर मिळतात. ‘टाइम डॉट क्लाउडफ्लेअर डॉट कॉम’ची खासियत अशी की तो एनटीएस, म्हणजे शिक्कामोर्तब केलेली वेळ देतो, वाटेत कुणी खोटं उत्तर घुसवू शकत नाही.

गूगलचाही सर्व्हर आहे, पण तो इतरांबरोबर मिसळू नका. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी कधीकधी एक जादा सेकंद घालतात, लीप सेकंद. शेवटचा घातला तो २०१६ च्या अखेरीस. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ च्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. गूगल तो सेकंद एकदम न घालता चोवीस तासांत पसरून घालतं. त्या दिवशी दोन पद्धतींचे सर्व्हर एकत्र असले तर संगणकाला कुणाचं खरं मानावं कळत नाही. २०३५ पर्यंत लीप सेकंदाची ही पद्धत सोडून द्यायचं २०२२ मध्ये ठरलं आहे, तोवर मात्र एकाच पद्धतीचे सर्व्हर ठेवा.

किती सर्व्हर ठेवायचे? एकच ठेवला आणि तो चुकला तर तुम्हीही चुकाल आणि कळणारही नाही. दोघांत मतभेद झाला तर कोण खरा हे ठरत नाही. तीन असले की बहुमत होतं. चार ठेवा, म्हणजे एखादा बंद असला तरी तीन उरतात. माझ्याकडे एनपीएल, समय१ आणि पूलचे दोन आहेत.

पाचवी पायरी: विंडोज

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. पुष्कळांचं काम इथेच होतं. सर्व्हर बदलायचा असेल तर जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘इंटरनेट टाइम’ या पानावर जाऊन पत्ता टाका.

एक खाच आहे. घरगुती विंडोज सहसा पंधरा तासांपेक्षा जास्त चूक स्वतःहून दुरुस्त करत नाही. एवढा फरक दिसला तर सर्व्हरच खोटा असावा असं ते धरतं. त्यामुळे सेल संपून तारीख वर्षांनी मागे गेली असेल तर ‘सिंक नाऊ’ कितीही दाबून उपयोग नाही. आधी हाताने आजची तारीख आणि अंदाजे वेळ भरा, मग सिंक करा.

खात्रीसाठी अ‍ॅडमिन अधिकारासह कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस’ ही आज्ञा द्या. ‘सोर्स’समोर सर्व्हरचं नाव असलं पाहिजे. तिथे ‘लोकल सीमॉस क्लॉक’ (मदरबोर्डवरचं घड्याळ) दिसलं तर संगणक कुणालाच विचारत नाहीये. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज टाइम’ चालू करा आणि ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ द्या.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स असेल तर

हा त्रास भारतात हमखास साडेपाच तासांचाच येतो. बॅटरीवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी ठेवतं. लिनक्स बंद करताना तिथे दुपारच्या तीनऐवजी साडेनऊ लिहिले गेले, की विंडोज उघडल्यावर सकाळचे साडेनऊ दाखवतं. उलट बाजूने आलात तर लिनक्स काही क्षण साडेपाच तास पुढे असतं. सोपा उपाय लिनक्समध्ये आहे: ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. लिनक्स यावर नाराजीची सूचना दाखवतं, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत यातून गोंधळ होतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे भारतात राहणाऱ्यांना हा उपाय बिनघोर चालतो. परदेशात असाल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ करून विंडोजलाच यूटीसीवर आणा.

मॅक, आयफोन आणि अँड्रॉइडमध्ये तारीख-वेळेच्या पानावर ‘आपोआप’ चालू असलं की झालं. फोनवर खेळासाठी वगैरे वेळ पुढे-मागे करून ठेवणारी मुलं असतात, ते बघा. बँकेच्या किंवा ईमेलच्या अ‍ॅपमधले दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड फोनच्या घड्याळावरूनच तयार होतात. फोन दोन मिनिटं मागे असेल तर कोड अचूक टाइप करूनही ‘चुकीचा कोड’ असंच उत्तर येतं.

सहावी पायरी: लिनक्सवर क्रोनी, आणि घराचं मुख्य घड्याळ

इथे जरा थांबून काम करावं असं मला वाटतं, कारण बाकी सगळ्या घराची वेळ यावर उभी राहते. एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सतत चालू ठेवता येत असेल, तर तो बाहेरच्या चार सर्व्हरना विचारेल आणि घरातली बाकीची यंत्रं त्याला विचारतील. इंटरनेट दोन दिवस गेलं तरी सगळी यंत्रं आपसांत जुळलेली राहतात. चित्रणाच्या बाबतीत तर ही जुळणी खऱ्या वेळेइतकीच मोलाची आहे.

क्रोनी हा एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्रॅम इन्स्टॉल करा. त्याची सेटिंगची फाइल उबुंटू-डेबियनमध्ये ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘क्रोनी’ फोल्डरात असते, नाव ‘क्रोनी डॉट कॉन्फ’. तिच्यात पुढच्या गोष्टी हव्यात.

प्रत्येक सर्व्हरसाठी एक ओळ: ‘सर्व्हर’, मग पत्ता, मग ‘आयबर्स्ट’. या शेवटच्या शब्दामुळे सुरू होताच चार झटपट विचारणा होतात आणि काही सेकंदांतच वेळ जुळते. एनटीएस असलेल्या सर्व्हरच्या ओळीत शेवटी ‘एनटीएस’ लिहा.

‘मेकस्टेप १.० ३’. सुरुवातीच्या तीन फेऱ्यांत चूक एक सेकंदाहून जास्त असेल तर घड्याळ एकदम उडी मारून बरोबर कर, त्यानंतर कधीही उडी मारू नकोस, असा याचा अर्थ. नंतरची चूक क्रोनी घड्याळ किंचित वेगाने किंवा संथ चालवून भरून काढतो. हे फार महत्त्वाचं आहे. चालू घड्याळ मागे उडालं तर १०:०५ नंतर पुन्हा १०:०३ येतात. रेकॉर्डर आधीच्या दोन मिनिटांवर नवीन दोन मिनिटं लिहू शकतो आणि नोंदवहीत परिणाम कारणाच्या आधी दिसतो.

‘अलाउ १९२.१६८.१.०/२४’. घरातल्या यंत्रांना वेळ विचारायची परवानगी. तुमच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर आकडा तसा बदला. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ हे दार फक्त घरातल्या जाळ्यासाठी उघडा. राऊटरवरून ते बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. उघडे एनटीपी सर्व्हर वापरून दुसऱ्यांवर हल्ले करण्याचे प्रकार सर्रास झाले आहेत.

‘लोकल स्ट्रॅटम १०’. बाहेरचं कुणीच उत्तर देत नसलं तरी घरातल्यांना वेळ देत राहा, पण आपण दुय्यम आहोत हे सांगून. स्ट्रॅटम म्हणजे अणुघड्याळापासूनचं अंतर: त्याला थेट जोडलेला सर्व्हर १, त्याला विचारणारा २, अशी उतरंड.

क्रोनी पुन्हा सुरू करा, पाच मिनिटं थांबा आणि ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही आज्ञा द्या. ज्या ओळीच्या सुरुवातीला चांदणी आहे तो सध्या निवडलेला सर्व्हर. अधिक खूण म्हणजे त्याचंही मत धरलं जातंय. प्रश्नचिन्ह म्हणजे तो अजून हिशोबात घेण्याजोगा नाही, बहुधा उत्तरच येत नसतं. एक्स म्हणजे तो बाकीच्यांशी जुळत नाही. ‘रीच’ रकान्यात ३७७ दिसलं पाहिजे. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे. शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालं असा त्याचा अर्थ. मधूनच ३७६ किंवा ३५७ दिसलं तर एखादी फेरी हुकली, काळजीचं कारण नाही.

मग ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ बघा. त्यात ‘फ्रीक्वेन्सी’च्या ओळीत तुमच्या स्फटिकाची नैसर्गिक चूक लिहून येते. माझ्या रास्पबेरी पायवर ती दहा लाखांत अकराच्या आसपास असते. उन्हाळ्यात आणि थंडीत ती वेगवेगळी दिसते. घरच्या फायबर जोडणीवर वेळ काही मिलिसेकंदांत बरोबर राहते. मोबाइल डेटावर दहा-वीस मिलिसेकंद इकडेतिकडे होतात, आणि घरगुती कामाला तेही पुरेसं आहे.

रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत त्यावर बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की तो बंद होतानाच्या जुन्या वेळेपासून सुरू होतो. डीएस-३२३१ नावाचा छोटा मोड्यूल जोडा. तो तापमान पाहून स्वतःला सावरतो आणि सामान्य तापमानात त्याची चूक दहा लाखांत दोनच्या आत राहते.

सातवी पायरी: राऊटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर

बहुतेक घरगुती राऊटरमध्ये बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० किंवा फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) तयार झाल्याच्या तारखेपासून सुरू होतं. नेट मिळाल्यावर वेळ जुळली तर ठीक, नाहीतर ‘रात्री दहानंतर मुलांचं नेट बंद’ अशी वेळापत्रकं भलत्याच वेळी लागू होतात. राऊटरच्या पानावर ‘सिस्टिम’ किंवा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये वेळेचं पान असतं. तिथे झोन आणि दोन सर्व्हर भरा. ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली असलेला राऊटर स्वतःच घराला वेळ देऊ शकतो. ‘प्रोव्हाइड एनटीपी सर्व्हर’ हा पर्याय चालू केला की वेगळ्या संगणकाची गरज उरत नाही.

रेकॉर्डरमध्ये ‘सिस्टिम’, ‘जनरल’ किंवा ‘नेटवर्क’ या मेनूत एनटीपी सापडतं. आधी झोन, मग सर्व्हर म्हणून घराच्या मुख्य घड्याळाचा पत्ता, मग किती मिनिटांनी विचारायचं ते. हे शेवटचं जपून भरा. ते दिवसाला एकदा, म्हणजे १४४० मिनिटं असेल, तर असं होतं: वीज येते, रेकॉर्डर एका मिनिटात सुरू होऊन वेळ विचारतो, तेव्हा फायबरची पेटी अजून जागी होत असते. उत्तर मिळत नाही, आणि तो पुढे चोवीस तास गप्प राहतो. ६० मिनिटं ठेवा. घरच्याच घड्याळाला विचारत असेल तर १० ठेवली तरी हरकत नाही. सुटे कॅमेरे रेकॉर्डरच्या मार्फत वेळ घेत असतील तर त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या चित्रावर छापलेली आणि रेकॉर्डरच्या पट्टीवरची वेळ सारखी दिसते का एवढं पाहा.

रेकॉर्डर इंटरनेटला जोडायचाच नसेल, आणि सुरक्षिततेसाठी ते पुष्कळदा योग्यच असतं, तर त्याला फक्त घरच्या जाळ्यात ठेवा. मुख्य घड्याळ बाहेरून वेळ आणेल, रेकॉर्डर त्याच्याकडून घेईल. पार्किंगचा रेकॉर्डर आम्ही असाच जोडला. वॉचमनच्या केबिनमध्ये एक तक्ता लावला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला फोनशेजारी पडदा धरून फोटो काढायचा आणि फरक किती सेकंद ते त्यात लिहायचं.

तरीही जुळत नसेल तर

सगळी नावं बरोबर असूनही कुठलाच सर्व्हर उत्तर देत नसेल तर तोच संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथे लगेच जुळलं, तर घरच्या जोडणीवर किंवा राऊटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ अडवलेलं आहे. तसं मुद्देसूद सांगून तक्रार करा. ‘नेट स्लो आहे’ म्हणून सांगितलंत तर भलतंच तपासत बसतात. नावाऐवजी आकडी पत्ता टाकल्यावर जुळलं, तर दोष नाव शोधणाऱ्या डीएनएसचा. जुन्या रेकॉर्डरमध्ये डीएनएसचा रकाना रिकामाच असतो. तिथे राऊटरचा पत्ता भरा.

जुनं जीपीएस यंत्र वेळेसाठी वापरत असाल आणि वेळ बरोबर पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दिसत असेल, तर ते यंत्र आठवडे मोजताना अडकलंय. जीपीएसचा जुना संदेश आठवडे ० ते १०२३ एवढेच मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. शेवटचं असं शून्य ६ एप्रिल २०१९ ला झालं. त्याचं फर्मवेअर नवीन मिळत नसेल तर त्या यंत्राकडून तारीख घेऊ नका.

आणि लॅपटॉप झाकण लावून ठेवला होता, उघडल्यावर काही मिनिटं वेळ मागे दिसते, असं असेल तर दोन मिनिटं थांबा. झोपेतून उठल्यावर त्याला नेट मिळायला आणि पहिली विचारणा पुरी व्हायला तेवढा वेळ लागतो.